गावभागातला माळा आणि अकरा सह्यांचा हरकत अर्ज

सांगलीत घराची उंची फुटांत नाही, पुरांत मोजतात. "2005 ला दुसऱ्या पायरीला, 2019 ला माळ्याच्या तुळईला हात लावून गेलं," असं माणसं सहज सांगतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर गेलं की धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही पुढे गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर नेहमीप्रमाणे आधी बुडाले. मग गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या, बोळांतही बोटी फिरल्या. या प्रकरणाचं मूळ त्या आठवड्यात आहे. कागदावर मात्र ते 2023 च्या सुरुवातीला आलं, बांधकाम परवानगीच्या एका साध्या अर्जातून. त्या अर्जाचे नकाशे मीच काढले होते. कुटुंबांची नावं देत नाही. घरात जशी हाक मारतात तशीच इथेही लिहितो.

वाडा एकाच पणजोबांचा. दोन पिढ्यांपूर्वी वाटणी झाली, मधे भिंत आली. पूर्वेकडचा भाग अण्णांचा, पश्चिमेकडचा काकूंचा. काकूंचे यजमान अण्णांचे चुलत चुलत भाऊ. ते आता नाहीत, मुलगा पुण्यात, घरात काकू आणि त्यांच्या नव्वदीच्या सासूबाई. अण्णांच्या पणजोबांचा धान्याचा व्यापार होता, म्हणून त्यांच्या भागात माळा भक्कम: सागवानी तुळया, वर जाड फळ्या, आणि बोळाच्या अंगाला पोती ओढून घ्यायचं एक लाकडी दार. त्या दाराच्या वर कप्पी अडकवायची लोखंडी कडी अजून आहे. छपराचं आढं बोळाला समांतर, दोन्ही घरांवरून सलग. मधली भिंत वाटणीच्या वेळी छपराच्या सरीपर्यंतच बांधली. वरचा त्रिकोण मोकळा राहिला, इतका की वाकून माणूस या माळ्यावरून त्या माळ्यावर जाऊ शकतो. वाटणीपत्रात "मधली भिंत सामाईक" एवढंच आहे. माळ्याबद्दल एक अक्षर नाही. जुन्या वाटण्यांत खालचं इंचाइंचानं मोजतात आणि वरचं तसंच सोडतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता उताऱ्याआधी शिडी मागतो.

अण्णांना हवं होतं ते सरळ होतं. खालचा सोपा आणि माजघर तीनदा पुरात गेलेलं. धाकट्याचं लग्न ठरलेलं. माळ्याची नीट राहण्याची खोली करायची, म्हणजे पाणी आलं तरी गाद्या आणि कपाट वाचेल.

पण माळा आणि खोली यांत कायद्याच्या लेखी मोठी दरी आहे. आपल्याकडे डिसेंबर 2020 पासून जी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. तिथं माणूस राहायला गेला की तो मजला झाला, त्याचं चटई क्षेत्र मोजायचं, राहण्याच्या खोलीची उंची पाळायची. ती सपाट छताखाली 2.75 मीटर, उतरत्या छपराखाली सरासरी तेवढी. अण्णांच्या माळ्याची उंची आढ्याखाली साडेसात फूट आणि कडेला तीन. "उभं राहता येतंय की!" हे अण्णांचं म्हणणं आढ्याखालीच खरं होतं. गावात बरेच जण अशा वेळी नकाशात "अडगळीची खोली" लिहितात आणि वर पलंग टाकतात. अण्णांनीही ते सुचवून पाहिलं. मी नाही म्हणालो, आणि त्या एका गोष्टीचा मला अजून आनंद आहे, कारण बाकी पहिल्या नकाशात माझ्या हातून घोळच झाला होता.

पहिल्या नकाशात मी सगळं छप्पर, पुढची उतरण आणि मागची उतरण, चार फुटांनी उचललं. हिशेब बसला, अर्ज दाखल झाला. शेजारच्या घराच्या जागी मी नेहमीच्या सवयीनं एक कोरा चौकोन काढला आणि त्यात "शेजारील इमारत" असं लिहिलं.

आपल्याकडे एखाद्या घराची परवानगी मागितली तर शेजाऱ्याला कळवायची पद्धत कायद्यात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली अर्ज होतो, कलम 45 खाली मंजूर किंवा नामंजूर होतो. नामंजुरी झाली किंवा अटी जाचक वाटल्या तर कलम 47 खाली 40 दिवसांत अपील, पण तेही अर्जदारालाच. शेजाऱ्याला त्या दारातून आत यायला जागाच नाही. विकास आराखड्यावर हरकती मागवतात त्याची जाहिरात लोकांनी पेपरात वाचलेली असते, म्हणून सगळ्यांना वाटतं प्रत्येक घरालाही हरकत घेता येते. माझा एक वर्गमित्र इंग्लंडमध्ये हेच काम करतो. तिकडे माळ्याची खोली करणं इतकं नित्याचं आहे की रांगेतल्या घराला 40 आणि सुट्या घराला 50 घनमीटरपर्यंतची वाढ, काही अटी पाळल्या तर, वेगळ्या परवानगीशिवाय चालते. परवानगी लागलीच तर शेजाऱ्यांना कळवून 21 दिवस म्हणणं मागवतात. सामाईक भिंतीसाठी तर 1996 चा स्वतंत्र कायदाच आहे, भिंतीला हात लावायच्या दोन महिने आधी लेखी नोटीस द्यायची. आपल्याकडे ती नोटीस बोळातल्या बायका देतात, तोंडी आणि बहुधा आधीच.

तशीच ती काकूंपर्यंत पोचली. पंधरा दिवसांत अकरा सह्यांचा अर्ज गेला. वर विषय: "बेकायदेशीर मजल्यास हरकत." खाली सात मुद्दे.

नगररचना विभागानं दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायला बोलावलं. तसं करणं बंधनकारक नसताना बोलावलं, हे नोंदवून ठेवतो. त्याआधी मी अकरा जणांच्या घरी जाऊन आलो. चौघांना अर्ज कशाचा आहे हेच ठाऊक नव्हतं. "काकूंनी सांगितलं, केली सही." त्यातल्या एकानं रस्त्याच्या डांबरीकरणाचा अर्ज समजून सही केली होती. शिल्लक राहिलेल्या सातांपैकी पाच जणांचं दुखणं एकच: वर खोली झाली की अण्णा ती क्लासच्या पोरांना भाड्यानं देणार, मग रात्री बारापर्यंत गाणी. अण्णा भाडेकरू ठेवणार नव्हते, पण ठेवले असते तरी नकाशा नाकारायला ते कारण पुरत नाही. पार्किंगचा मुद्दा कोणी लिहिला कोण जाणे. त्या बोळात हातगाडी वळवायची तर दोन माणसं लागतात.

पूररेषेचा मुद्दा मात्र कोणीतरी जाणकारानं लिहून दिला होता. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंत, नवं बांधकाम जवळजवळ बंदच आहे. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंधांसह परवानगी मिळते. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, आणि जोतं त्या पातळीच्या 45 सेंटिमीटर वर हवं. हा वाडा मधल्या पट्ट्यात. माळ्याची फळी लाल पातळीच्या बरीच वर. म्हणजे मुद्दा योग्य, पण तो अण्णांच्या अर्जाच्या बाजूनंच बोलत होता. हरकत लिहून देणाऱ्याला हे माहीत असावं, कारण त्यानं आकडे टाळले होते.

आता जड मुद्द्यांकडे येतो.

पहिला भिंतीचा. मधली भिंत पक्क्या विटांची पण मातीत बांधलेली, वरून चुन्याचा गिलावा. मातीतली भिंत कोरडी असेतो शंभर वर्षं उभी राहते, पण दिवसच्या दिवस पाण्यात राहिली की जोडातली माती मऊ होते, आणि पाणी ओसरताना थोडी थोडी वाहून जाते. 2005, 2019, 2021, तीन वेळा ती भिजलेली. काकूंच्या बाजूला गिलावा पोकळ वाजत होता. अण्णांचं उत्तर असं की पणजोबांच्या काळी याच माळ्यावर ज्वारीची पोती छतापर्यंत रचलेली असायची, दोन माणसांच्या पलंगानं काय होतंय. उत्तर चुकीचं नाही. राहण्याच्या खोलीचा भार आपण चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरतो, पोत्यांच्या थप्पीचा त्याहून कितीतरी जास्त. पण पोती होती तेव्हा भिंत तीनदा बुडालेली नव्हती. इथं काकूंचं बरोबर होतं आणि मी ते कार्यालयातच मान्य केलं. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा मुद्दा खिडकीचा. 2005 च्या पुरानंतर काकूंच्या यजमानांनी मागच्या अंगाला वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर बांधलं. पुरात चूल विझू नये म्हणून. त्याची एकुलती एक मोठी खिडकी अण्णांच्या मागच्या उतरणीवरून उजेड घेते. मी उतरण चार फुटांनी उचलली होती, म्हणजे निम्मी खिडकी कौलांआड जाणार. काकूंनी साहेबांसमोर माझा नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आमची खिडकी कुठाय यात?" खिडकी मला माहीत नव्हती असं नाही. पाहणीच्या दिवशी तिच्याखाली उभा राहून मी चहा प्यायलो होतो, आणि कप त्याच खिडकीतून आला होता.

कायद्यानं पाहिलं तर काकूंची बाजू इथं लंगडी होती. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चं कलम 15 सांगतं की खिडकीतून येणारा उजेड आणि वारा वीस वर्षं शांतपणे, अडथळ्याविना भोगला तर त्याचा हक्क तयार होतो. खिडकी 2006 च्या दिवाळीतली. अर्ज 2023 चा. वीस भरत नव्हते. अण्णांच्या वकिलांनी हे ऐकून लगेच "विषय संपला" म्हटलं. चौकातल्या उन्हाची तर बातच नको. काकूंनी लिहिलं होतं की छप्पर वर गेलं तर चौकात ऊन येणार नाही, पापड-सांडगे वाळायचे नाहीत. कलम 17 नुसार उघड्या जागेवरच्या उजेडाचा हक्क वहिवाटीनं मिळतच नाही, मग वीस वर्षं असोत की दोनशे. हे मी काकूंना समजावायला गेलो आणि अर्ध्यात थांबलो. ज्या बाईचं वाळवण जाणार तिला कलम वाचून दाखवणं बरं दिसत नाही.

तिसरा, आडोशाचा. नव्या खोलीच्या मागच्या खिडकीतून काकूंची न्हाणी आणि चौक दिसणार. याच कायद्याच्या कलम 18 मध्ये यावर एक मजेदार उदाहरण दिलेलं आहे: एखाद्या गावात अशी रूढीच असेल की शेजाऱ्याच्या घरातला नजरेआड राहणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी कोणी उघडायची नाही, तर ती रूढी हक्क ठरते. सांगलीत अशी रूढी आहे का? बोळातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर सगळे "आहेच की" म्हणाले. कोर्टात ती सिद्ध करायला किती वर्षं लागतील ते कोणी सांगितलं नाही.

मी नकाशा फाडून नव्यानं काढला. या वेळी काकूंचं घर खिडक्या-दारांसकट मोजून. मागची उतरण होती तशीच ठेवली, तिच्याखालची जागा सामानाला. पुढची अर्धी बाजूच उचलली, तीही आढ्यापाशी 3.4 मीटर आणि बोळाकडच्या नव्या भिंतीपाशी 2.1, म्हणजे सरासरी बरोबर 2.75. बोळ जेमतेम तीन मीटरचा, त्याच्या मध्यापासून 2.25 मीटर सोडायचे, म्हणून ती भिंत जुन्या भिंतीपासून पाऊण मीटर आत घेतली. खोली लहान झाली. अण्णांना ते पसंत नव्हतं, सूनबाईंना होतं, कारण त्या पाऊण मीटरात गॅलरी निघाली. पुढची उतरण मागच्यापेक्षा वर गेल्यानं आढ्यावर जी उभी पट्टी सुटली, तिच्यात काचा बसवल्या. खोलीच्या जमिनीपासून साडेसात फुटांवर. त्यातून आभाळ दिसतं, न्हाणी दिसायला स्टूल लागेल. (इंग्लंडमध्ये बाजूच्या खिडकीचा उघडणारा भाग 1.7 मीटरच्या वर हवा असतो, असं मित्रानं कळवलं. आम्ही त्यांच्यापेक्षा वर गेलो.) भार मधल्या भिंतीवर न टाकता चार लोखंडी खांबांवर घेतला, खांबांचे पाये वेगळे. पागोळ्यांसाठी पन्हाळ आणि खाली नळ अण्णांच्याच हद्दीत.

इतकं केल्यावर वाटलं, काकू अर्ज मागे घेतील. घेतला नाही. सुधारित नकाशा पाहून म्हणाल्या, "सगळं चांगलंय, पण माझी हरकत आहे."

कशाला ते सांगेनात. अण्णा चिडले. "वहिनींना आमचं बरं झालेलं बघवत नाही," असं माझ्यासमोर बोलून गेले, मग स्वतःच ओशाळले. मी काकूंकडे तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या घरात नव्हत्या, सासूबाई होत्या. आजींना ऐकू कमी येतं, पण मी कोण ते त्यांना कळलं. त्यांनी वर बोट दाखवलं. "तिथं भिंत घालणार म्हणे."

नकाशात होतीच. दोन माळ्यांमधला तो मोकळा त्रिकोण मी विटांनी बंद दाखवला होता. खोली करायची तर दुसरं काय करणार? शेजारच्या माळ्यावरचे उंदीर, धूळ, आवाज, आणि आग लागली तर दोन्ही छपरं एकदम जायची भीती.

पण 2019 मध्ये आजी त्याच वाटेनं बाहेर पडल्या होत्या. काकूंच्या वरच्या स्वयंपाकघराला गज आहेत आणि ते मागच्या बाजूला, जिथं बोट पोचत नव्हती. बोट बोळात होती. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती आणि काकू आजींना बोटीत घालायला तयार नव्हत्या. दोन रात्री त्यांनी वरच काढल्या. मग अण्णा आणि धाकटा आढ्याखालून रांगत पलीकडे गेले, आजींना चादरीत गुंडाळून फळ्यांवरून ओढत आणलं, आणि पोती ओढायच्या दारातून, त्याच कप्पीच्या कडीला दोर लावून, खाली बोटीत सोडलं. 2005 मध्येही तेच दार वापरलं होतं. 2021 मध्ये माणसं आधीच बाहेर पडली होती, पण काकूंची भांडी, देव आणि गॅस त्या वाटेनं इकडे आले. अण्णांना हे सगळं आठवत होतं. भिंतीचा आणि त्याचा संबंध त्यांच्या डोक्यात आला नव्हता, इतकंच. माझ्याही नाही.

अर्जातल्या सात मुद्द्यांत हा नव्हता. काकूंना विचारलं, का नाही लिहिलं? "ती वाट त्यांच्या घरातून जाते. कुठल्या तोंडानं लिहायचं, तुमच्या घरातून आम्हाला जायचंय म्हणून?"

मग उपाय अवघड नव्हता. विटांच्या भिंतीत अडीच फूट रुंद, चार फूट उंच लोखंडी झडप, दोन्ही बाजूंनी कडी. खोलीच्या बाजूनं कपाटामागे. पुढचं पोत्यांचं दार काढायचं होतं, ते ठेवलं, गॅलरीत उघडतं. अवघड होतं ते कागद करणं. वकिलांना भीती अशी की आज माणुसकीनं दिलेली वाट उद्या वहिवाटीचा हक्क म्हणून अंगावर येते. सोळा वर्षांत तीनदा वापरलेल्या वाटेला सलग वीस वर्षांची वहिवाट म्हणता येत नाही, हे खरं, पण त्यांना लेखी हवं होतं. म्हणून ती वाट हक्क म्हणून न देता, त्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 मधल्या अनुज्ञप्तीसारखी, मागे घेता येणारी परवानगी म्हणून लिहून दिली. त्यातही एक खोच: कलम 60 प्रमाणे ज्याला परवानगी दिली त्यानं तिच्या भरवशावर स्वतःच्या खर्चानं पक्कं बांधकाम केलं तर परवानगी मागे घेता येत नाही. काकू झडपेचा निम्मा खर्च द्यायचा म्हणून हटून बसल्या. वकील म्हणाले, एक रुपयाही घेऊ नका. अण्णांनी पैसे नाकारले आणि कारण सांगता येईना. काकूंना तो अपमान वाटला. शेवटी त्यांनी झडपेला रंग लावून दिला, स्वतः, ब्रश घेऊन. रंग पक्कं बांधकाम धरायचा का, हे मी वकिलांना विचारलं नाही.

काकूंनी हरकत अर्ज मागे घेतला. परवाना मिळाला, अटींत मधल्या भिंतीवर भार न टाकण्याची आणि स्ट्रक्चरल दाखल्याची अट. मालकीचा वाद उद्भवल्यास परवान्याचा आधार घेता येणार नाही हे नेहमीचं वाक्यही खाली होतं. काम पावसाळ्याआधी संपलं नाही, दिवाळीपर्यंत गेलं.

कागदात वकिलांनी आणखी एक कलम घातलं होतं: काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकीही अण्णांच्या परवानगीनं आहे, हक्कानं नव्हे. तशी सही झाली की वीस वर्षांचा हिशेबच थांबतो. काकूंनी झडपेच्या कलमावर सही केली, खिडकीच्या कलमावर केली नाही. "ही माझ्या यजमानांनी पाडलेली खिडकी आहे, तिला कोणाची परवानगी नको," म्हणाल्या. वकील आग्रह धरत होते. अण्णांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. 2026 च्या दिवाळीत त्या खिडकीला वीस वर्षं होतील.